न सुजलेला हात

माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबड्याचं एक पीस असतं. नोकरी सुटून बरेच दिवस झाले, तरी असतं. सदरा धुवायला टाकताना आमच्या सौभाग्यवती ते काढून कोनाड्यात ठेवतात आणि मी पुन्हा खिशात घालतो. त्यावरून आता आमच्यात बोलणं होत नाही, कारण जे बोलायचं ते नोकरीत असतानाच बोलून झालं आहे.

संपादक म्हणाले, दिवाळी अंक लोक फराळ खाता खाता वाचतात, तेव्हा तुमच्या दवाखान्याचं लिहा, पण जरा बेतानं लिहा. बेतानं म्हणजे कसं ते मी त्यांना विचारलं नाही. मी महारोगाच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. पश्चिम खानदेशात, तापीच्या पट्ट्यात. हातात चकली असेल तर आधी खाऊन घ्या, मग पुढे वाचा.

आमचा दवाखाना म्हणजे सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला चिंचेखाली घातलेली एक पत्र्याची पडवी. तो आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी उघडायचा. ही युक्ती आमच्या डॉक्टरांची. बाजाराच्या दिवशी कोण कुठे चाललंय हे कोणी विचारत नाही. मिरच्यांची गोणी उतरवून माणूस सहज म्हणून मागच्या गल्लीत वळायचा आणि आमच्यापुढे येऊन बसायचा. काही बायका तर रिकामी टोपली डोक्यावर घेऊन यायच्या, म्हणजे कोणी पाहिलंच तर बाजाराला निघालीय असं वाटावं.

डॉक्टर कोकणातले. शुद्ध बोलायचे, हळू बोलायचे आणि रोग्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे. त्यांचं शुद्ध मराठी आमच्या लोकांना पोथीतल्यासारखं वाटायचं, म्हणून ते बोलत आणि मी ते अहिराणीत उलटवून सांगत असे. उलटवताना थोडंसं माझंही त्यात जायचं. पुढे पुढे डॉक्टरांना अहिराणी कळू लागली, तेव्हा ते मधेच हसायला लागले आणि माझी पंचाईत झाली.

आता पिसाचं सांगतो. अंगावर चट्टा दिसला की तो कसला आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. नायटा असतो, कोड असतं, कातडीचा क्षय असतो. हो, क्षय फक्त छातीतच होतो असं नाही, तो गालावर, मानेवरही बसतो आणि लालसर, उंचवट्याचा चट्टा करतो. महारोगाचा एक प्रकार दिसायला अगदी तसाच. अशा वेळी रोग्याला डोळे मिटायला सांगायचं, पिसाचं टोक चट्ट्यावर टेकवायचं आणि विचारायचं, लागलं का? जिथे लागलं तिथे बोट ठेव. क्षयाच्या चट्ट्यावर पीस लागतं. महारोगाच्या त्या चट्ट्यावर लागत नाही, कारण तिथली शीर मेलेली असते. एवढ्या एका पिसावर माणसाचं घर राहायचं किंवा जायचं.

लोकांना हे पक्कं ठाऊक झालं होतं. त्यामुळे डोळे मिटलेला माणूस जीव कानात आणून बसायचा. माझ्या बाहीची सळसळ झाली की म्हणायचा, “लागनं!” आणि पीस अजून माझ्या हातातच असायचं. मी चिडायचो. “अरे भाऊ, माले फसाडीसन काय भेटी तुले?” असं ओरडायचो. आज वाटतं, त्यात फसवणूक कसली होती? लागावं असं त्याला फार वाटत होतं, एवढंच.

एकदा खांडबाऱ्याकडून लाकडाच्या गाड्या हाकणारा उखा नावाचा गडी आला. मानेवर चट्टा. मी पीस टेकवलं, लागलं नाही. टाचणी टोचली, लागली नाही. मी डॉक्टरांकडे पाहून मान हलवली. डॉक्टरांनी चष्मा पुसला, चट्टा उजेडात धरला आणि मला म्हणाले, “नीट बघा, मधोमध काय आहे.” मधोमध विळ्याच्या आकाराचा जुना डाग होता. आमच्याकडे दुखलं-खुपलं की तापलेल्या लोखंडाचा डाग देतात. पोटशूळ असो, कावीळ असो, डाग.

“डाग कोनी दिधा?” मी विचारलं.

“मामानी दिधा. मामाना हातले गुण शे.”

मामाच्या गुणी हातानं कातडी जाळली होती आणि जळलेल्या कातडीला पीस काय लागणार! डॉक्टरांनी डागाच्या कडेकडेनं पुन्हा पीस फिरवायला लावलं. तिथे उख्याला सगळं लागत होतं, इतकं की त्याला गुदगुल्या झाल्या. तो क्षयाचा चट्टा निघाला. उखा जाताना मला म्हणाला, “मामाले काय सांगू?” मी म्हटलं, “मामाले सांग, हात खिसामा ठेव.”

असं हसणं आमच्या पडवीत पुष्कळ होतं. बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

डॉक्टरांकडे पितळी सूक्ष्मदर्शक होता. उन्हाकडे आरसा करून ते मला त्यात डोकवायला बोलवायचे. चट्ट्याचा बारीक तुकडा काढून मुंबईला पाठवला की त्याच्या काचा तयार होऊन परत यायच्या. एकदा त्यांनी क्षयाची काच आणि महारोगाची काच एकामागून एक लावली आणि मला फरक सांगायला लावला. मला सांगता आला नाही. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा मलाही येत नाही.

दोन्हींत एकच देखावा असतो. जंतू शिरला की रक्तातल्या पेशी धावून येतात. काही त्याला गिळतात आणि फुगतात. काही एकमेकींना चिकटून एकच मोठी राक्षसी पेशी बनतात. त्यांच्याभोवती बारीक गोल पेशी कडं करून उभ्या राहतात. डॉक्टर म्हणायचे, हा चट्टा म्हणजे शरीरानं दिलेली लढाई आहे. लढाईत शेजारची शीर मरते, कातडी बधिर होते, पण जंतूही मरतो. असा माणूस बहुधा बरा होतो आणि दुसऱ्याला रोग देत नाही.

मग त्यांनी तिसरी काच लावली. तिच्यात कडं नव्हतं, राक्षसी पेशी नव्हत्या. नुसत्या फेस आल्यासारख्या पेशी आणि त्यांच्या पोटात लाल काड्यांचे जुडगेच्या जुडगे. ते महारोगाचे जंतू. इथे पेशींनी जंतू गिळला, पण मारला नाही. तो आत घरजावई होऊन बसला आणि त्याचा गोतावळा वाढत गेला. अशा माणसाच्या अंगावर चट्टा धड दिसत नाही. पिसाचं टोक सुरुवातीला त्याला सगळीकडे लागतं. उलट त्याची कातडी तुकतुकीत होते, चेहरा तेल लावल्यासारखा चमकतो, कानाच्या पाळ्या जाड होतात. लोक म्हणतात, काय तेज चढलंय! आणि रोग पसरतो तो त्याच्यापासून.

मी विचारलं, एकाचं शरीर लढतं आणि एकाचं लढत नाही, असं का? डॉक्टर म्हणाले, ते अजून कोणालाच ठाऊक नाही.

पण कोण लढतो हे ओळखायची एक सुई मात्र निघाली होती. महारोग्याच्या गाठीतले जंतू उकळून मारायचे आणि त्या पाण्याचा एक थेंब हाताच्या कातडीत टोचायचा. मग महिनाभर वाट पाहायची. ज्याचं शरीर लढणारं, त्याच्या हातावर त्या जागी गाठ येऊन सुजते. ज्याचं लढत नाही, त्याचा हात जसाच्या तसा राहतो.

म्हणजे सुजला तो चांगला आणि साफ राहिला तो वाईट. हे लोकांना समजावून सांगता सांगता माझे केस पिकले. सुई टोचल्यावर हात सुजला की माणूस पांढराफटक पडायचा. घरी जाऊन त्यावर बिब्बा घालायचा, नाहीतर डाग द्यायचा. आणि ज्याचा हात साफ राहिला तो गूळ वाटायचा. सूज म्हणजे रोग, साफ म्हणजे निरोगी, हे पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण आम्ही एका थेंबानं उलटं करायला निघालो होतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की केसरचं आणि हिरामणचं सांगता यावं.

प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे तापीकाठचं एक गाव. तिथलं चांगलं खातंपितं शेतकरी घर. हिरामण त्या घरातला एकुलता मुलगा आणि केसर त्याची बायको. मथू नावाची मुलगी अंगावर पीत होती, तेव्हा केसरच्या हाताला भाकरीचा तवा लागला. कातडी भाजली आणि तिला कळलंच नाही. सासूनं पाहिलं. कोपराखाली फिकट चट्टा होता. घरात कोणी ओरडलं नाही, कोणी मारलं नाही. मळ्यात विहिरीच्या पलीकडे एक खोपडं बांधलं आणि केसरला तिथे नेऊन ठेवलं. मुलगी घरी राहिली.

ताट द्यायची रीत अशी. मळ्याला मधोमध बांध होता. घरच्या माणसानं ताट बांधावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. तो पुरता लांब गेला की रोग्यानं पुढे येऊन ताट उचलायचं. केसरचं ताट हिरामण आणायचा. पण तो मागे फिरायचा नाही. बांधाच्या आपल्या बाजूला बसून राहायचा आणि केसर पलीकडे जेवायची. ऊस, कापूस, म्हशीचं दूध, सगळं बोलायचे. गावानं त्याला नाव ठेवलं, त्यानं गावाकडे लक्ष दिलं नाही.

हे मला केसरनंच सांगितलं, कारण हिरामण तिला दर बाजारी गाडीत घालून आमच्याकडे आणायचा. कडू कवठीचं तेल कोमट करून कातडीत टोचायचं, हाच तेव्हा उपाय. सुई जाड, तेल घट्ट. माणसं ओठ चावून घ्यायची. केसर ओठ चावणारी नव्हती. ती मला शिव्या द्यायची. “तुम्हनी माय तुम्हले सुई टोचीसन वाढावनी का?” असं भर पडवीत विचारायची आणि सगळे रोगी खुश व्हायचे. पण सुई काढली की दर वेळी एकच प्रश्न असायचा.

“भाऊ, कव्हय जाऊ मी घर?”

“जाशी. दम धर.”

“मी दम धरसू. पोर धरी का?”

तिची मथू आता चालायला लागली होती. एकदा ती हिरामणबरोबर बांधापर्यंत आली. केसर खोपड्याच्या दारात उभी होती. पोरीनं बोट करून बापाला विचारलं, “हाई खोपडावाली कोन शे?” हे सांगताना केसरनं मला शिवी दिली नाही. चिंचेच्या बुंध्याकडे पाहत बसली. मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही. माझी धाकटी त्याच वयाची होती आणि मी घरी गेल्यावर अंगणात अंघोळ करेपर्यंत तिला माझ्याकडे येऊ देत नसत. ती दारातून हात पसरून उभी राहायची. तेवढा उशीरही मला सहन होत नसे.

एका बाजारी केसरची सुई चालू असताना हिरामण कडेला उभा राहून तिला चिडवत होता. गडी देखणा. चेहरा चमकत होता. डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग हलकेच म्हणाले, “हिरामण, जरा इथं बसता का?” त्यांनी त्याच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काच पुसायला घेतली. पाळीतून थेंबभर रस काढून काचेवर घेतला, रंग दिला, भिंगाखाली धरला. लाल काड्यांचे जुडगे. केसरच्या चट्ट्यात आम्हाला कधी एक काडीही सापडली नव्हती.

डॉक्टरांनी दोघांच्या हाताला ती सुई टोचली. महिन्याभरानं सगळं घर गाडी भरून आलं. हिरामणचे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, आणि सासूबाईही. केसरच्या हातावर सुपारीएवढी गाठ होती. हिरामणचा हात साफ होता. सासूबाईंनी पदराची गाठ सोडून गूळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो गूळ हातात धरून उभा राहिलो. डॉक्टरांनी शुद्ध मराठीत सगळं सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. आता उलटवायचं काम माझं होतं.

मी म्हटलं, “आप्पा, केसर घर जाई शकस. तिना हात लढना. हिरामणना हात नही लढना. त्याले येगळं ऱ्हावं लागी.”

आप्पा हसले. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी थट्टा करतोय.

“हाई कसा न्याय शे, भाऊ?” थट्टा नाही हे कळल्यावर ते म्हणाले. “जिना हात सुजना ती घरमा, अन् ज्यान्हा हात साफ तो खोपडामा?”

“आप्पा, चोर उना तव्हय तिनं कुत्रं भुंकनं. यानं कुत्रं नही भुंकनं. ते चोरना हातनी भाकर खाई ऱ्हायनं.”

आप्पांनी ऐकून घेतलं. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “तुम्हनी सुई उलटी लागनी.” गाडी जुंपली. केसर गाडीत मागच्या बाजूला, सगळ्यांपासून लांब बसली होती. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. घरी जाता येईल असं सरकारी माणसानं तोंडानं म्हटलं होतं आणि गाडी तिला परत खोपड्याकडे घेऊन चालली होती. मी चिंचेखाली बराच वेळ उभा होतो. हातातला गूळ पाघळला.

पुढचं मला केसरकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटाची वेळ झाली तेव्हा तो बांधावर आला तो ताट घेऊन नाही, तर काखेत गोधडी घेऊन. बांध ओलांडला आणि खोपड्याच्या दाराशी उभा राहिला.

“ऊठ, केसर. आते मन्ही पाळी.”

“येडा व्हयनात का तुम्ही?”

“पोर वाट दखी ऱ्हायनी. जाय.”

पोर वाट पाहत नव्हती. पोरीला ती खोपडावाली बाईच वाटत होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. केसर घरी गेली तेव्हा मथू आजीच्या मागे लपली. पहिले कितीतरी दिवस तिच्याजवळ झोपली नाही. केसर म्हणायची, एवढी वर्षं घरासाठी झुरले आणि घरात आले तर आता मळ्याकडे तोंड करून बसते. एका छपराखाली दोघं काही आली नाहीत.

गाव म्हणू लागलं, बायकोनं नवऱ्याला रोग दिला. ती आधी खोपड्यात गेली, तो नंतर गेला, तेव्हा हिशोब सरळच होता. एका बाजारी ती एकटी आली, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून माझ्याजवळ बसली.

“भाऊ, खरं सांगा. मन्हापाईन लागना का त्यासले हाऊ रोग?”

“नही, केसर. तुन्हामा जंतूच नही सापडना. जे तुन्हापा नही, ते तू देशी काय?”

हुशार बाई. पुढचं तिचं तिनंच जुळवलं.

“म्हंजे त्यासपाईन माले?”

“तसंच दिखस.”

“मंग तुम्ही त्यासले सांगू नका. मी सांगसू.” आणि मग तिच्या नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, “भांडन व्हई तव्हय सांगसू.”

तिनं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. भांडणं तर दोघांची बांधावरून पुष्कळ व्हायची.

आता ताट ती न्यायची आणि बांधाच्या आपल्या बाजूला बसून राहायची. अर्धी भाकरी मोडून आपल्याकडे ठेवायची आणि तो पलीकडे जेवत असताना आपणही खायची. हिरामणला मी महिन्यातून एकदा मळ्यात जाऊन तेल टोचायचो, कारण पुढे पुढे तो बाजारात यायला लाजू लागला. भुवया गेल्या. चेहऱ्यावर गाठी आल्या. मग हात बधिर झाले. ज्या पिसाला तो पूर्वी हसायचा, ते पीस आता त्याला बोटांवर, पंजावर, कोपरापर्यंत कुठेही लागेना. पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचं सगळं चित्त त्या दुसऱ्या सुईत होतं.

“भाऊ, आखो एक सुई टोचा ना. आवंदा सुजी.”

मी डॉक्टरांना सांगायचो. डॉक्टर म्हणायचे, सहसा सुजत नाही. तरी त्याच्या समाधानासाठी त्यांनी अधूनमधून टोचली. दर वेळी हिरामण महिनाभर हाताकडे पाहत बसायचा. सकाळी उठला की आधी हात बघायचा. शेताची राखण करताना मधेच थांबून बघायचा. हात साफच राहायचा. ज्या साफ हाताचा त्याच्या आईनं गूळ वाटला होता, त्या हाताकडे तो वैऱ्यासारखा बघायचा. सुजला म्हणजे शरीर लढलं. लढलं म्हणजे घर. मीच त्याला हे शिकवलं होतं आणि तो ते विसरायला तयार नव्हता.

आता म्हणे गोळ्या निघाल्या आहेत. दुसरं महायुद्ध संपल्यावर आल्या. डॉक्टरांचं मुंबईहून पत्र होतं, की ज्यांचे हात कधी सुजले नाहीत त्यांच्या अंगातले लाल जुडगेही त्या गोळ्यांनी मोडतात. मी ते पत्र वाचलं आणि खाली ठेवलं. हिरामण त्याआधीच साध्या हिवतापानं गेला होता. ज्याची त्यानं जन्मभर वाट पाहिली ते आलं, पण तो नव्हता. मला माणसं आठवतात तशी तारखा आठवत नाहीत, पण त्याच्या शेवटच्या वर्षांतली एक आखाजी मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशची दिवाळी. पोरी झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात, घरोघर खापरावरचे मांडे आणि आमरस. त्या सकाळी एका गाडीवाल्याच्या हाती हिरामणचा निरोप आला: “भाऊले सांग, हात सुजना.”

मी सणाचं जेवण तसंच टाकून निघालो. महिन्यामागे डॉक्टरांनी त्याला पुन्हा सुई टोचली होती हे खरं. सहसा सुजत नाही, म्हणजे कधीतरी सुजत असेल! वाटभर ऊन मी म्हणत होतं आणि मी गाडीवाल्याशी वेड्यासारखा बोलत होतो.

हिरामण खोपड्याबाहेर सावलीला बसला होता. नवं धोतर नेसला होता. बांधाच्या पलीकडे केसर उभी होती, हातात झाकलेलं ताट, आणि तिच्याशेजारी मथू, झोक्यावरून उतरून आलेली, आता चांगली उंच झालेली. हिरामणनं सगळ्या घरादाराला बोलावणं पाठवलं होतं. आप्पा आणि सासूबाई आले नव्हते.

“दखा भाऊ,” तो म्हणाला आणि हात पुढे केला.

सुईच्या जागेपासून अंगुळभर वर लालभडक फुगवटा होता. वर पाण्यानं भरलेली पातळ कातडी, आणि कडेला राख चिकटलेली. खोपड्याच्या दाराशी तीन दगडांची चूल होती, वर काळं भांडं. सकाळी चहा ठेवताना फुंकर घालायला तो वाकला असेल, हात तापल्या दगडावर टेकला असेल. त्याला कळलं नसेल. मी खिशातून पीस काढलं, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं, आणि फोडाच्या कडेला टेकवलं.

“लागनं?”

“नही. पन सुजना ना, भाऊ?”

खरं सांगायला पुढचा बाजार होता, डॉक्टर होते, आणि त्यांनी ते त्याला पुढे सांगितलंही. पण तिथे, त्या घटकेला, तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी फोडाकडे.

केसर बांधाच्या अगदी कडेला आली आणि वाकून हात पाहिला. जिचा स्वतःचा हात एकदा तव्यानं असाच भाजला होता आणि तिला कळलं नव्हतं, तिला हा फोड कसला ते ओळखायला कंपाउंडर लागत नव्हता. तिनं हात पाहिला, मग चूल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं आणि मला कळलंय हेही कळलं होतं.

“सुजना ना हात?” ती मोठ्यानं म्हणाली. “मंग आते माले कसानं भेव?”

आणि लुगडं सावरून तिनं बांध ओलांडला.

“माय, मी बी येऊ?” मथूनं पलीकडून विचारलं.

“तू नही,” केसर मागे न बघता म्हणाली. “तू तठेच बस.”

हिरामणला ते ऐकू गेलं नाही. तो हसत होता. केसर त्याच्या शेजारी मातीत बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, ताट दोघांच्या मधे ठेवलं, मांडा मोडला, रसात बुडवला आणि पहिला घास त्याच्या तोंडात दिला. दुसरा त्याच ताटातला तिनं स्वतः घेतला. मी पीस खिशात घातलं आणि भाजल्याच्या मलमाची डबी शोधायला पिशवीत हात घातला. डबी वरच होती, पण मी ती बराच वेळ शोधत राहिलो.